गॅस गीझर बसवताना आणि वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती घरगुती, लगेच पाणी तापवणाऱ्या, मिनिटाला ५-६ लिटर क्षमतेच्या गॅस गीझरबद्दल आहे. मग तो सिलिंडरवर चालणारा असो किंवा पाइपच्या गॅसवर. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान पहिला प्रश्न पूर्ण वाचा.

गीझर बाथरूममध्येच बसवला तर चालेल का?

नाही. खिडकी असली तरी नाही, कंपनी चांगली असली तरी नाही, आणि "शेजाऱ्यांकडे दहा वर्षं आहे, काही झालं नाही" म्हणूनही नाही.

हिशेब करून बघा. मिनिटाला ६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळजवळ एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते, म्हणजे मिनिटाला दोनशे लिटर. आपल्याकडचं चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंच बाथरूम घ्या. त्यात एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आत. दार-खिडकी बंद असेल तर आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला चारेक मिनिटं पुरतात. वीस लिटरची बादली भरायला साडेतीन मिनिटं लागतात. म्हणजे पहिली बादली भरते न भरते तोच हवा बिघडलेली असते, आणि अंघोळ अजून व्हायचीच असते.

ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी रक्तात साठत जातो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. गरम वाफेत हे सगळं उकाड्यामुळे होतंय असंच वाटतं. माणूस बसकण मारतो, उठायचं मनात येतं पण पाय ऐकत नाहीत. कडी आतून लागलेली असते.

बहुतेक गॅस गीझरना आपल्याकडे धुराडं नसतं. जळालेला वायू वरच्या फटींतून थेट खोलीत येतो. चीनमध्ये अंघोळीसाठी असे बिनधुराड्याचे गीझर बनवणं ऑक्टोबर १९९९ पासून आणि विकणं मे २००० पासून बंद केलं गेलं. आपल्याकडे ते मिळतात, म्हणून जागेची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. ज्योत आणि अंघोळ करणारा माणूस एकाच हवेत नकोत. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर येऊन थांबतात.

एक्झॉस्ट फॅन लावला, दाराला खाली जाळी केली, तरी नाही?

तरी नाही. फॅन हवा बाहेर तेव्हाच टाकतो जेव्हा दुसरीकडून तितकीच हवा आत येते. दार घट्ट बसलं असेल तर फॅन नुसता घरघरतो. जाळी असली तरी डिसेंबरात गार वारा लागतो म्हणून तिच्यावर वर्तमानपत्र नाहीतर पायपुसणं लावलं जातं, आणि गीझर सगळ्यात जास्त तेव्हाच चालतो. वीज गेली की फॅन बंद. गीझर मात्र सेलवर पेटतो, त्याला विजेशी देणंघेणं नाही.

मग बसवायचा कुठे?

उघडी गॅलरी, उघडी ड्राय बाल्कनी, छज्जाखालची बाहेरची भिंत. तिथून गरम पाण्याची नळी बाथरूममध्ये न्यायची. चार-पाच मीटर नळी वाढली तर सुरुवातीचं अर्धा-एक लिटर पाणी गार येतं, एवढाच तोटा.

जागा निवडताना आधी डोक्यावर काय आहे ते पाहा. गीझरच्या वरून निघणारा वायू चांगलाच गरम असतो; वर लाकडी माळा, पीव्हीसीचं छत, कपड्यांची दोरी किंवा वायरी नकोत. वर निदान दोन फूट आणि दोन्ही बाजूंना अर्धा फूट मोकळं असावं. उंची अशी ठेवा की ज्योत दिसायची काच साधारण डोळ्यांसमोर येईल. वाकून बघावी लागणारी ज्योत कोणी बघत नाही. पावसाची झड आणि थेट वारा लागणारा कोपरा टाळा. झोताने ज्योत विझते किंवा खाली दबून कवचाच्या आत जळते.

सिलिंडर गीझरच्या बरोबर खाली नको, बाजूला हवा. तो उभाच ठेवायचा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे गळाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खड्ड्यात, बंद कपाटात किंवा नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाला) खेटून सिलिंडर ठेवू नका.

घरात अशी उघडी जागाच नसेल तर गॅस गीझर घेऊ नका, विजेचा घ्या. बिल थोडं वाढेल.

गीझर ड्राय बाल्कनीत आहे, पण नंतर आम्ही तिथे स्लायडिंग खिडक्या बसवल्या. काही फरक पडतो का?

पडतो, आणि हा घोटाळा फ्लॅटमध्ये सर्रास दिसतो. गीझर बसवला तेव्हा जागा बरोबर होती. मग पाऊस, धूळ, कबुतरं यांना कंटाळून बाल्कनी बंद केली, आणि गीझर न हलवताच तो बंद खोलीत आला.

त्यात एक न दिसणारी भर पडते ती स्वयंपाकघरातल्या चिमणीची. चिमणी तासाला कित्येकशे घनमीटर हवा ओढते. घराच्या खिडक्या लावलेल्या असल्या तर ती हवा जिथून मिळेल तिथून येते, म्हणजे ड्राय बाल्कनीच्या दारातून, गीझरचा धूर घेऊन. सकाळी एकीकडे पोळ्या आणि दुसरीकडे अंघोळ, हा आपला रोजचा क्रम असल्यामुळे दोन्ही एकदम चालू असतात.

उपाय असा: खिडकीचं एक पान कायमचं काढून टाका. ते जमत नसेल तर वर आणि खाली, दोन्हीकडे, बंद न होणाऱ्या झडपांच्या पट्ट्या बसवा. गरम वायू वरून जातो, ताजी हवा खालून येते. फक्त वर ठेवून भागत नाही. कबुतरांची जाळी चालते, डासांची बारीक जाळी धुळीने बुजते. गीझर चालू असताना स्वयंपाकघराकडचं दार लावलेलं ठेवा.

इमारतीच्या डक्टमध्ये बसवला तर?

डक्ट म्हणजे बाथरूमांच्या मागची, खालपासून वरपर्यंत जाणारी उभी पोकळी. तिच्यात सगळ्या मजल्यांच्या बाथरूमचे व्हेंटिलेटर उघडतात. खालच्या मजल्यावरचा धूर वरच्यांच्या बाथरूममध्ये जातो, आणि डक्टच्या डोक्यावर पावसासाठी पत्रा टाकलेला असेल तर तो हमखास कोंडतो. तुमच्या घरात ज्योत नसूनही तुम्हाला त्रास होऊ शकतो. सोसायटीच्या सभेत विषय काढायला हे कारण पुरेसं आहे.

पूर्वी बंब न्हाणीघरातच असायचा की! तेव्हा कोणी मेलं नाही.

बंबाला मधोमध नळकांडं असायचं, म्हणजे धुराडं होतं. न्हाणीघराला कौलं होती आणि कौलांना फटी. बरेचदा बंब अंगणातच पेटायचा. कढत पाणी घंगाळात काढून, विसण घालून मग अंघोळ. पाणी तापवणं आणि अंघोळ या दोन वेगळ्या वेळेच्या, बहुधा वेगळ्या जागेच्या गोष्टी होत्या. शिवाय काहीच होत नसे असंही नाही. दार लावून कोळशाची शेगडी पेटवण्याचे बळी तेव्हाही जात होते.

एलपीजीचा गीझर पीएनजीवर, म्हणजे पाइपच्या गॅसवर, चालतो का?

जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, न बदलता नाही. घरगुती एलपीजीचा दाब साधारण ३० मिलिबार असतो, पाइपच्या गॅसचा २१ मिलिबार. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत पाइपच्या गॅसच्या जवळजवळ अडीच पट उष्णता असते. म्हणून एलपीजीच्या जेटचं भोक लहान आणि पीएनजीचं मोठं. एलपीजीचा गीझर तसाच पीएनजीला लावला तर ज्योत मरतुकडी येते, पाणी कोमट. उलटं केलं तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस येतो. पिवळी लांब ज्योत, काजळी आणि भरपूर कार्बन मोनॉक्साइड. पहिल्या चुकीने अंघोळ बिघडते, दुसरीने जीव जाऊ शकतो.

खरेदी करताना खोक्यावर नव्हे, गीझरच्या अंगावरच्या पट्टीवर गॅसचा प्रकार वाचा. एलपीजीसाठीच्या गीझरवर आयएसआय खूण आणि आयएस १५५५८ हा क्रमांक पाहा. जेट बदलायचे झाल्यास त्याच मॉडेलचे, सगळेच्या सगळे बदलायचे. भोक सुईने मोठं करून देणारा मिस्त्री दारातूनच परत पाठवा.

पाइपच्या गॅसवर गीझर लावायचा तर आधी गॅस कंपनीला कळवायचं आणि त्यांच्या मान्यताप्राप्त प्लंबरकडूनच जोड घ्यायचा. ६ लिटरचा गीझर तासाला साधारण १.२ घनमीटर गॅस घेतो, म्हणजे शेगडीपेक्षा खूपच जास्त. लाइन बारीक असेल तर गीझर लागला की स्वयंपाकघरातली ज्योत बसते.

एकाच सिलिंडरवर शेगडी आणि गीझर दोन्ही?

रबरी नळी कापून मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घालायचा असं मनात असेल, तर नाही. तो टी गळतीची पहिली जागा. शिवाय गीझर पूर्ण ज्योतीवर असताना दोन बर्नर लावले की दाब उतरतो आणि दोन्हीकडची ज्योत लवलवते. थंडीत, सिलिंडर तळाला आलेला असताना हे जास्त जाणवतं, कारण द्रवाची वाफ व्हायचा वेगच मंदावतो. गीझरला स्वतंत्र सिलिंडर, स्वतंत्र रेग्युलेटर.

रेग्युलेटर घरगुती, ठरावीक दाबाचाच. हॉटेलच्या भट्टीला लावतात तो, दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर गीझरला कधीही नाही.

नळी कोणती आणि किती लांब?

आतून पोलादी तारांचं जाळं असलेली, "सुरक्षा" म्हणून मिळते ती, वर आयएस ९५७३ छापलेली. लांबी दीड मीटरच्या आत. अंतर जास्त असेल तर रबर लांबवायचं नाही, तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची) पक्की लाइन टाकायची. दर पाच वर्षांनी नळी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते. भिंतीतून नळी आरपार नेऊ नका. आत उंदराने कुरतडली तर दिसणारही नाही.

नवा गीझर आहे, पण पाणी सोडलं तरी पेटतच नाही.

दहातल्या बऱ्याच वेळा कारण पाण्याचा दाब. पाणी वाहिलं की आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, एका काडीला ढकलतो; ती काडी बटण दाबते, ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. यासाठी किमान ०.२ ते ०.३ बार दाब लागतो. म्हणजे टाकीचा तळ गीझरपेक्षा निदान दोन-तीन मीटर उंच हवा. बैठ्या घराच्या स्लॅबवर थेट टेकवलेल्या टाकीने तो मिळत नाही. टाकी चौथऱ्यावर चढवा किंवा छोटा प्रेशर पंप लावा.

दाब ठीक असेल तर क्रमाने बघा. रेग्युलेटर चालू आहे का? सेल नवे आहेत का, आणि त्यांची टोकं बरोबर बाजूला आहेत का? थंड पाणी आत येतं त्या जोडाजवळच्या जाळीत वाळू-गंज अडकलाय का? नवीन सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते. नळ चार-पाचदा सोडून-बंद करून पाहा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून. थांबायचं एवढ्यासाठी की न पेटलेला गॅस उडून जावा.

"टचटच" ऐकू येते पण ज्योत नाही, तर गॅस पोचत नाही. टचटचच नाही, तर सेल किंवा पाणी.

पेटताना "भक्क" आवाज होतो. धोका आहे का?

आहे. गॅस आधी साठतो आणि उशिरा एकदम पेटतो, म्हणून तो आवाज. सगळ्यात साधं कारण उतरलेले सेल. ठिणगी बारीक पडते. सेल मोठ्या आकाराचे, दीड व्होल्टचे दोन, आणि दोन्ही एकदमच बदलायचे. एक जुना एक नवा चालत नाही. तरी आवाज राहिला तर ठिणगीची सुई वाकलेली किंवा काजळलेली असते, नाहीतर बर्नरच्या टोकाला कचरा असतो. दुरुस्त होईपर्यंत वापरू नका, आणि पेटवताना तोंड काचेजवळ नेऊन बघू नका.

ज्योत पिवळी दिसते.

ज्योत निळी, ताठ आणि सगळीकडे सारखी हवी. टोकाला क्वचित केशरी ठिणगी उडाली तर ती धूळ असते. पण ज्योत पिवळी आणि लोळणारी असेल तर हवा कमी पडते आहे. उन्हाळाभर बंद असलेल्या गीझरच्या बर्नरमध्ये कोळी जाळं करतो. तेवढ्यानेही हवेची वाट अडते. दुसरं कारण म्हणजे वरच्या तांब्याच्या पात्यांमध्ये साचलेली काजळी, ज्यामुळे धूर वर निघत नाही. तिसरं, चुकीचा जेट. गीझरच्या वरची भिंत काळी पडू लागली असेल तर तोही हाच निरोप आहे. रंग मारून झाकू नका. पिवळ्या ज्योतीवर "आजचा दिवस काढू" म्हणायचं नाही.

नळ बंद केला तरी ज्योत चालूच राहते.

लगेच गॅस बंद करा, सिलिंडरवर. पाण्याचा आणि गॅसचा सांधा जोडणारी काडी क्षाराने अडकली आहे. आत पाणी वाहत नाही, खाली ज्योत पेटलेली, अशा वेळी तांब्याच्या नळीतलं पाणी उकळतं. जास्त तापल्यावर गॅस तोडणारा सेन्सर आणि दाब वाढल्यावर पाणी सोडणारी झडप या दोन गोष्टी अशा वेळेसाठीच असतात. पण त्या रोज वापरायच्या गोष्टी नव्हेत. आणि त्या झडपेला टोपण लावून "गळती" बंद केलेली असेल तर आधी ते टोपण काढायला सांगा.

मध्येच चटका देणारं पाणी येतं, मध्येच गार. का?

साबण लावताना नळ बंद केला की ज्योत विझते, पण तापलेलं तांबं आतल्या थोड्या पाण्याला आणखी तापवतं. नळ पुन्हा सोडला की पहिला लोट कढत येतो आणि मागून गार. पहिले पाच-सहा सेकंद पाणी अंगावर घ्यायचं नाही, बादलीत सोडायचं. लहान मुलाला थेट शॉवरखाली उभं करायचंच नाही. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत खोलवर भाजतं. अंघोळीला ४० अंश भरपूर.

मिक्सरवर गार पाणी जास्त सोडलं तर गरम बाजूचा प्रवाह घटतो आणि गीझर विझतो. पाणी गरम वाटलं तर गार वाढवण्याऐवजी गीझरचा गॅसचा खटका कमी करा. आणि साधारण वीस मिनिटांनी आपोआप बंद झाला तर बिघाड समजू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये तसा टायमर मुद्दाम असतो. तो काढून टाकायला सांगू नका.

बोअरचं पाणी आहे. सर्व्हिसिंग किती दिवसांनी?

नगरपालिकेच्या पाण्यावर वर्षातून एकदा, थंडीच्या आधी. बोअर किंवा टँकरवर दर सहा महिन्यांनी. जड पाण्याचा क्षार आत धरला की पाणी कमी येतं, गीझर केटलीसारखा घुमतो. सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात विरघळवून नळीत फिरवतात आणि मग भरपूर पाण्याने धुतात. तीव्र आम्ल नको, तांबंच खातं.

सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने कवच उघडून बर्नर आणि पाती ब्रशने साफ केली, डायफ्राम पाहिला, जाळी धुतली आणि शेवटी साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले, तर काम झालं. बाहेरून फडकं मारून पैसे मागितले तर झालं नाही. साबणाच्या पाण्याची चाचणी तुम्हीही करू शकता: वाटीभर पाण्यात थोडा भांड्यांचा साबण, ब्रशने रेग्युलेटरपासून गीझरपर्यंत प्रत्येक जोडावर लावा, बुडबुडा फुगतो का बघा. काडी पेटवून गळती शोधणारे अजूनही आहेत. त्यांना हात लावू देऊ नका.

गॅस किती जातो?

चार माणसं, प्रत्येकी वीस लिटर, पाणी २२ अंशांवरून ४० अंशांवर, असं धरलं तर दिवसाला साधारण दीडशे ते एकशे साठ ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर तीन महिने जातो. महिन्याभरात संपत असेल तर एकतर शॉवर लांबतोय, नाहीतर गळती आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा का?

घ्या. पण तो एलपीजी गळतीच्या अलार्मपेक्षा वेगळा असतो. दुकानदार एकाऐवजी दुसरा हातात देतात. गळतीचा खाली जमिनीजवळ बसतो, हा श्वासाच्या उंचीवर. युरोपीय मानकाचा अलार्म हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे ५० भाग असतील तर तास-दीड तासाने, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजतो. बाथरूमच्या वाफेत नको. बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत लावा. सेन्सरला वय असतं, मागची तारीख बघा. आणि अलार्म आहे म्हणून गीझर बाथरूममध्ये, हा हिशेब चुकीचा.

भाड्याचं घर आहे. गीझर बाथरूममध्येच आहे आणि मालक हलवत नाहीत.

हलवेपर्यंत एकच पद्धत: दार सताड उघडं, आत कोणी नाही, गीझर लावून बादल्या भरा. गॅस सिलिंडरवर बंद करा. पाचेक मिनिटं दार-खिडकी उघडी राहू द्या. मग आत जा, दार लावा, अंघोळ करा. शॉवर नाही, "थोडं अजून गरम पाणी" नाही. घरात पाहुणे आले की त्यांना हे आधी सांगा, कारण सवय नसलेला माणूस कडी लावून गीझर सोडतो. मालकांना पहिल्या प्रश्नातला हवेचा हिशेब लिहून पाठवा. हलवायला लागतात ती थोडी नळी आणि प्लंबरचा एक दिवस.

आत गेलेली व्यक्ती हाक दिली तरी बोलत नाही. काय करायचं?

आधी गॅस बंद, मग दार तोडा. आत शिरताना श्वास रोखून घ्या, व्यक्तीला ओढून उघड्यावर आणा. तिथेच पाणी पाजणं, कांदा हुंगवणं यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य "बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता" हे असू द्या. हे का महत्त्वाचं? बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनच समजतं आणि ९८-९९ दाखवतं. झटके आले असतील तर मिरगी समजून भलत्याच दिशेने उपचार होऊ शकतात. रक्तातला हा वायू निम्मा व्हायला साध्या हवेत चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. म्हणून शुद्धीवर आली, बरं वाटतंय म्हणाली, तरी घरी न्यायचं नाही. गरोदर बाईच्या बाबतीत तर मुळीच नाही. बाळाला जास्त धोका असतो.

घरात एकाहून अधिक जणांना सकाळी अंघोळीनंतर डोकं दुखतं आणि बाहेर पडल्यावर थांबतं, असं होत असेल तर पित्त समजून सोडून देऊ नका.

गॅसचा वास आला तर?

सिलिंडर बंद, दारं-खिडक्या उघड्या. दिवा लावायचा नाही आणि असेल तो बंदही करायचा नाही, बटणात ठिणगी पडते. बाहेर जाऊन फोन करा: एलपीजी गळतीसाठी १९०६, चोवीस तास. पाइपचा गॅस असेल तर बिलावर छापलेला आपत्कालीन नंबर. तो आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.

उन्हाळ्यात चार महिने गीझर बंद असतो. काही करावं लागतं का?

सिलिंडर बंद करा, सेल काढा (आतच राहिले तर फुटून पत्रा गंजतो), खालचा स्क्रू काढून उरलेलं पाणी सोडून द्या. गार झाल्यावर वरून कापड टाका. प्लॅस्टिक नको, आत दमट होतं. पुन्हा लावताना आधी ते कापड काढल्याची खात्री करा. वर कबुतराचं घरटं आहे का, काचेतून जाळं दिसतं का, ते बघा. नवे सेल टाका, जोडांवर साबणाचं पाणी लावा, आणि पहिल्या दिवशी पाच मिनिटं उभं राहून ज्योत बघा.